क्षयरोगाच्या औषधचाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबीवर औषधे आहेत आणि रुग्ण बरेही होतात. मग नव्या चाचण्या कशासाठी?

औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीवर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार गेली कित्येक दशके जगभर रूढ आहे, आणि तो नीट पूर्ण केला तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. अडचण आहे ती ‘नीट पूर्ण केला तर’ या अटीत. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढू लागते आणि रुग्ण कामावर जाऊ लागतो. त्यानंतरचे चार महिने, आपल्याला काहीही होत नसताना, रोज मूठभर गोळ्या घेणे हे रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला किती जड जाते ते टीबीच्या कोणत्याही उपचार केंद्रावर तासभर बसले तरी कळते. म्हणून उपचाराचा काळ कमी करणे हे या संशोधनाचे पहिले मोठे उद्दिष्ट आहे.

दुसरे उद्दिष्ट अधिक निकडीचे आहे. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना दाद न देणाऱ्या टीबीला एमडीआर टीबी म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्यावरचा उपचार अठरा ते चोवीस महिने चाले, त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन घ्यावे लागे, आणि एवढे सोसूनही जगभरातील आकडे पाहिले तर निम्म्याच्या आसपास रुग्णांनाच यश येई. जगातील एकूण टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि एमडीआर टीबीचा मोठा भारही आपल्याकडेच आहे. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास अशा चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती, ज्यांचे जंतू तेव्हा तपासता येणाऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या फळीच्या सर्व औषधांना पुरून उरले होते. त्यांच्या आजाराला कोणते नाव द्यावे यावर बराच वाद झाला. पण डॉक्टरांच्या हाती देण्यासारखे काही उरले नव्हते, हे त्या वादाने बदलले नाही.

एकच जोरकस औषध का देत नाहीत? चार-चार औषधे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर टीबीच्या पहिल्याच मोठ्या चाचणीने दिले, आणि त्या उत्तराची किंमत रुग्णांनी मोजली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेत लागला. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे हे औषध अगदी थोडे होते. ते कोणाला द्यायचे हे ठरवताना तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आखणीनुसार, रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे नाणेफेकीसारखी, वाटणी केली: ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन आणि ५२ जणांना, त्या काळी प्रचलित होती तशी, फक्त विश्रांती. १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४ आणि न घेणाऱ्यांपैकी १४ रुग्ण दगावले होते. औषध लागू पडते याबद्दल शंका उरली नाही.

मात्र त्या रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले तेव्हा चित्र पालटले. औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ जण तोवर मरण पावले होते; म्हणजे सुरुवातीचा लाभ जवळजवळ पुसला गेला होता. याचे कारण औषधप्रतिरोध. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांच्यापैकी मोजके जंतू निसर्गतःच एखाद्या औषधाला दाद देत नाहीत. एकटे औषध दिले की बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. एकाच वेळी दोन किंवा तीन औषधांना पुरून उरणारा जंतू आधीपासून असण्याची शक्यता मात्र फारच कमी असते. त्यामुळे पुढच्या चाचण्यांत औषधे जोडीने देण्यात आली आणि प्रतिरोध लक्षणीय प्रमाणात घटला. आज ‘एकच भारी गोळी द्या’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला डॉक्टर नकार देतात, त्यामागे त्या ५५ जणांचा अनुभव आहे.

औषधचाचणीचे टप्पे कोणते असतात?

प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासणी झाल्यानंतर पहिल्या टप्प्यात थोड्या निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन ते शरीरात किती काळ राहते आणि कोणता त्रास देते ते पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात रुग्ण येतात. टीबीमध्ये या टप्प्याचे सहसा दोन भाग पडतात: आधी सुमारे चौदा दिवस औषध देऊन थुंकीतील जंतू रोज किती वेगाने कमी होतात ते मोजतात, आणि नंतर साधारण आठ आठवड्यांनी किती रुग्णांच्या थुंकीचे कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) स्वच्छ झाले ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांमध्ये नव्या उपचाराची प्रचलित उपचाराशी तुलना होते आणि उपचार संपल्यानंतरही बराच काळ त्यांची तपासणी चालू राहते. औषध बाजारात आल्यावर होणारी पाहणी हा चौथा टप्पा. कोणत्याही चाचणीची माहिती वाचताना ती कोणत्या टप्प्याची आहे हे आधी पाहावे.

दोन महिन्यांत थुंकी स्वच्छ झाली तर उपचार तिथेच का थांबवू नये? आणि या चाचण्यांना एवढी वर्षे का लागतात?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि माझ्या मते टीबीच्या संशोधनाचे सारे मर्म त्यात आहे. थुंकीत जंतू दिसेनासे होणे वेगळे आणि शरीरात ते न उरणे वेगळे. टीबीचा जंतू मुळात मंद आहे. अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर याला दुप्पट व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात. त्यांतलेही काही जंतू जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत राहतात, आणि वाढणाऱ्या जंतूंवर मारा करणारी औषधे त्यांना फारसे काही करू शकत नाहीत. थुंकीच्या तपासणीत ते सापडत नाहीत, एक्स-रेमध्येही दिसत नाहीत. उपचार अर्धवट थांबवला की काही महिन्यांनी ते पुन्हा वाढतात आणि रोग उलटतो. म्हणून नवा उपचार खरा उतरला की नाही हे ठरवायचे असेल, तर उपचार संपल्यानंतर रोग किती जणांवर उलटला ते मोजावे लागते. रोग उलटण्याची वाट पाहण्याला पर्याय नाही, कारण त्याला जवळची वाट अजून सापडलेली नाही.

तशी जवळची वाट घेण्याचा प्रयत्न झाला होता. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषध जोडल्यावर थुंकी लवकर स्वच्छ होते असे दुसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत दिसले, आणि सहाऐवजी चार महिन्यांचा उपचार आता हाती आला अशी आशा निर्माण झाली. त्यावर रिमॉक्स-टीबी ही तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतासह नऊ देशांत १,९३१ रुग्णांवर झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नव्या उपचाराने थुंकी खरोखरच लवकर स्वच्छ झाली. पण ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांच्या जुन्या उपचाराचे यश ९२ टक्के होते, तर चार महिन्यांच्या दोन नव्या उपचारांचे ८५ आणि ८० टक्के. फरक मुख्यतः रोग उलटण्याचा होता. ही चाचणी झाली नसती आणि दुसऱ्या टप्प्याच्या आकड्यांवर विसंबून चार महिन्यांचा उपचार सर्वत्र सुरू झाला असता, तर हजारो लोकांवर रोग उलटला असता आणि त्याचे खापर बहुधा त्यांच्याच ‘गोळ्या चुकवण्यावर’ फुटले असते. यश न आलेल्या चाचण्यांचेही उपकार असतात, ते असे.

पुढे २०२१ मध्ये तेच मॉक्सिफ्लॉक्सासिन रिफापेंटिन या औषधाच्या जोडीने दिल्यावर चार महिन्यांचा उपचार यशस्वी ठरला. ती चाचणी १३ देशांत २,५१६ जणांवर झाली आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने त्या उपचाराला पर्याय म्हणून मान्यता दिली. पहिल्या अपयशापासून या यशापर्यंत सात वर्षे गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

आपल्यासारख्या देशात आणखी एक गुंतागुंत आहे. जिथे टीबीचा फैलाव जास्त आहे तिथे बरा झालेला रुग्ण शेजाऱ्याकडून किंवा लोकलच्या गर्दीत नव्याने संसर्ग घेऊ शकतो. रोग उलटला की नव्याने जडला हे ओळखण्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या जंतूंची जनुकीय रचना ताडून पाहावी लागते. अन्यथा चांगल्या औषधावर अपयशाचा ठपका बसतो.

माझे औषध डॉक्टर ठरवणार नाहीत, संगणक ठरवणार. हे योग्य आहे का?

चाचणीत कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे संगणक नाणेफेकीसारखे ठरवतो, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे आणि ती विचारताना कोणी संकोचू नये. दोन उपचारांपैकी कोणता सरस हे खरोखरच माहीत नसेल तेव्हाच अशी वाटणी नैतिक ठरते. माहीत असेल, तर चाचणी करण्याचा कोणालाही अधिकार नाही. वाटणी डॉक्टरांच्या हाती ठेवली, तर चांगल्या भावनेनेही ते अशक्त रुग्णाला जुने खात्रीचे औषध देतील आणि धडधाकट रुग्णाला नवे. मग शेवटी दिसणारा फरक औषधाचा की रुग्णांच्या मूळ प्रकृतीचा हे कधीच कळणार नाही. नाणेफेकीसारख्या वाटणीमुळे दोन्ही गट वय, कुपोषण, मधुमेह, आजाराची तीव्रता या सर्व बाबतींत, अगदी कोणाच्या लक्षातही न आलेल्या बाबतींत, सरासरीने सारखे होतात.

तुलनेच्या गटाला खोट्या गोळ्या देतात का?

टीबीच्या आजच्या चाचण्यांमध्ये कोणत्याही रुग्णाला उपचाराविना ठेवत नाहीत. तुलनेच्या गटाला त्या वेळचा प्रचलित आणि मान्य उपचार पूर्ण मिळतो. काही चाचण्यांत औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी, म्हणजे प्लासिबो, वापरतात. पण ती प्रचलित औषधांच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नव्हे. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही कळू नये एवढाच तिचा उद्देश असतो.

१९४८ च्या ज्या चाचणीचा उल्लेख वर आला आहे, तिच्यातील तुलनेच्या गटाला आपण एका चाचणीत आहोत हेही सांगितलेले नव्हते. आज असे करणे हा गुन्हा ठरेल, आणि तो ठरलाच पाहिजे.

नवा उपचार ‘जुन्यापेक्षा कमी नाही’ एवढेच सिद्ध करतात, याचा अर्थ काय?

जुना उपचार नव्वद टक्क्यांहून अधिक यश देत असेल, तर त्याहून जास्त यश दाखवण्याला फारसा वाव राहत नाही. नव्या उपचाराचा लाभ निराळा असतो: कमी महिने, कमी गोळ्या, कमी त्रास. म्हणून संशोधक आधीच एक मर्यादा जाहीर करतात, उदाहरणार्थ सहा टक्के बिंदू, आणि नव्या उपचाराचे यश जुन्यापेक्षा त्याहून अधिक खाली जाण्याची शक्यता नगण्य आहे असे दाखवतात. ही मर्यादा चाचणीपूर्वी ठरली होती की निकाल पाहून ठरवली, हे तपासणे महत्त्वाचे आहे. आणि सहा टक्के म्हणजे शंभरांतील सहा माणसे, हे मर्यादा आखणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही विसरू नये.

या संशोधनात भारताचा वाटा काय?

मोठा आहे, आणि शालेय पुस्तकांत यावा एवढ्या तोलाचा आहे. १९५० च्या दशकात टीबीच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये ठेवणे, मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती देणे हाच योग्य उपचार मानला जाई. आपल्याकडे मिरजेसारख्या ठिकाणी अशी आरोग्यधामे होती. पण देशातील लाखो रुग्णांना पुरतील एवढ्या खाटा असणे अशक्य होते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ब्रिटनचे मेडिकल रिसर्च कौन्सिल, जागतिक आरोग्य संघटना आणि मद्रास राज्य सरकार यांनी मिळून क्षयरोग रसायनोपचार केंद्र उभारले, आणि ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक साधा, पण धाडसी प्रश्न हाती घेतला: घरी राहून औषध घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो का?

सुमारे दोनशे गरीब रुग्णांची दोन गटांत वाटणी झाली. दोघांनाही वर्षभर तीच औषधे मिळाली. घरी राहणारे रुग्ण दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या आहारावर आणि थोडीबहुत कामे करत राहत होते. सॅनेटोरियममधल्यांना खाट, दूध आणि विश्रांती मिळत होती. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा बरे होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण घरी राहिल्यामुळे कुटुंबीयांना जास्त प्रमाणात लागण झाली असेही आढळले नाही. या एका चाचणीने जगातील टीबीच्या उपचाराची जागा बदलली. खाटांवरचा पैसा औषधांकडे वळू शकला. औषधे देखरेखीखाली घेण्याची जी पद्धत पुढे ‘डॉट्स’ म्हणून ओळखली गेली, तिची पाळेमुळेही याच केंद्राच्या कामात आहेत. चेन्नईतील हे केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चालते.

एमडीआर टीबीवरच्या नव्या औषधांबद्दल एवढे ऐकू येते. ती खरोखर सिद्ध झाली आहेत का?

बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. कित्येक दशकांनंतर टीबीसाठी आलेले हे नव्या जातकुळीचे औषध. ज्या चाचणीवर ही मंजुरी आधारलेली होती तिच्यात बेडाक्विलिन घेणाऱ्यांची थुंकी स्वच्छ व्हायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्या रुग्णांना तितका किंवा त्याहून कमी काळ लागला असा आकडा) ८३ दिवस होता, तर तुलनेच्या गटात १२५. पण त्याच चाचणीत बेडाक्विलिनच्या गटातील ७९ पैकी १० आणि दुसऱ्या गटातील ८१ पैकी २ रुग्ण दगावले. मृत्यूंची कारणे एकसारखी नव्हती आणि औषधाशी थेट धागा जुळत नव्हता, तरी ठळक इशाऱ्यासह आणि मर्यादित वापरासाठीच औषधाला परवानगी मिळाली. पुढे दक्षिण आफ्रिकेने ते मोठ्या प्रमाणावर वापरले आणि हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले की बेडाक्विलिन मिळालेल्यांमध्ये मृत्यू उलट कमी होते. छोट्या चाचणीत आलेला भीतिदायक आकडा दडपायचा नसतो आणि त्यावरून घाईने दार बंदही करायचे नसते, हे या औषधाच्या वाटचालीवरून शिकण्यासारखे आहे.

त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील निक्स-टीबी अभ्यासात अत्यंत बिकट प्रतिरोध असलेल्या १०९ रुग्णांना बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड आणि लिनेझोलिड ही तीन औषधे दिली आणि ९० टक्के रुग्णांना यश आले. आधीच्या काळात अशा रुग्णांपैकी बहुतेक जण वाचत नसत. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, ही त्याची उणीव. ती उणीव टीबी-प्रॅक्टिकल या चाचणीने भरून काढली. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तान येथे ‘मेडिसाँ साँ फ्रॉन्तिएर’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेने ती केली. वरील तीन औषधांत मॉक्सिफ्लॉक्सासिन जोडून २४ आठवड्यांचा उपचार दिला तेव्हा प्रतिकूल निष्पत्ती ११ टक्के रुग्णांत आली. प्रचलित लांब उपचारात ती ४८ टक्के होती. फरक इतका स्पष्ट होता की स्वतंत्र देखरेख समितीच्या सल्ल्यावरून २०२१ मध्येच नव्या रुग्णांची भरती थांबवण्यात आली. तुलनेच्या गटातील त्या ४८ टक्क्यांत दुष्परिणामांमुळे उपचार सोडावा लागलेले रुग्णही बरेच आहेत. तो मृत्यूचा आकडा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या उपचाराची शिफारस केली आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली.

भारतातही स्वतंत्र काम झाले. ‘बीट-टीबी’ या भारतीय अभ्यासात चेन्नई, मदुराई, मुंबई, अहमदाबाद आणि दिल्ली येथील रुग्णांना बेडाक्विलिन, डेलामॅनिड, लिनेझोलिड आणि क्लोफाझिमिन यांचा सहा ते नऊ महिन्यांचा, पूर्णपणे गोळ्यांचा उपचार दिला गेला, आणि ज्यांची निष्पत्ती मोजता आली त्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्णांत ती अनुकूल होती.

दुष्परिणामांचे काय?

ते असतात, आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते स्पष्ट शब्दांत सांगितले गेलेच पाहिजेत. जुन्या एमडीआर उपचारातील कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी अनेक तरुण रुग्णांची श्रवणशक्ती कायमची गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ते वापरू नये असे सांगितले. ते बरेच आधी व्हायला हवे होते असे मी ठामपणे म्हणेन.

नवी औषधेही निर्धोक नाहीत. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या विद्युतचक्रात बदल होऊ शकतो, म्हणून वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो. लिनेझोलिडमुळे हातापायांना मुंग्या आणि जळजळ, रक्तपेशींची घट आणि क्वचित दृष्टीवर परिणाम होतो. निक्स-टीबीमध्ये दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लिनेझोलिड दिले होते आणि ८१ टक्के रुग्णांना मज्जातंतूंचा त्रास झाला. रुग्ण वाचत होते, पण पाय बधिर होत होते. म्हणून लगेच दुसरी चाचणी आखली गेली आणि मात्रा निम्मी, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, करूनही यश ९१ टक्के राहते आणि मज्जातंतूंचा त्रास सुमारे २४ टक्क्यांवर येतो असे २०२२ मध्ये दिसले. आज आपल्याकडे दिली जाणारी मात्रा त्या निष्कर्षावर आधारलेली आहे. पायांना मुंग्या येत असतील किंवा नजर अंधुक वाटत असेल तर ‘सहन करू’ असे न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

लहान मुले आणि गरोदर स्त्रियांवर चाचण्या करणे योग्य आहे का?

त्यांना चाचण्यांतून वगळले म्हणजे ती सुरक्षित राहतात, हा समज चुकीचा आहे. वगळले तरी औषध पुढे त्यांना दिले जातेच, फक्त मात्रा आणि कालावधी अंदाजाने ठरतात. शाइन या चाचणीत युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतातील १,२०४ मुलांचा समावेश होता आणि पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय हे तिचे एक केंद्र होते. सौम्य स्वरूपाचा टीबी असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचा उपचार पुरतो असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी दाखवले. कडू गोळ्या रोज भरवणाऱ्या आईसाठी दोन महिने ही लहान गोष्ट नाही.

गरोदर स्त्रियांबाबतचे उदाहरण उलट दिशेचे आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर स्त्रियांना टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड देण्याची शिफारस चालत आलेली होती. भारतासह आठ देशांत ९५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणातच औषध सुरू केलेल्यांमध्ये गर्भपात, कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ यांसारखे प्रतिकूल परिणाम २३.६ टक्के, तर बाळंतपणानंतर सुरू केलेल्यांमध्ये १७ टक्के आढळले. चाचणी केली नसती तर हा धोका कोणाच्याही ध्यानात आला नसता.

चाचणीत भाग घेतला तर माझे हक्क कोणते?

भारतात यासाठी ‘नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ लागू आहेत. त्याआधीच्या काळात देशात झालेल्या काही चाचण्यांमध्ये गरीब रुग्णांना पुरेशी माहितीच दिली गेली नव्हती, असे आरोप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते; आजचे कडक नियम त्या लढ्यातून आले आहेत, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

चाचणीची माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी रुग्णापुढे इंग्रजी संमतीपत्र ठेवून सही घेणे नियमात बसत नाही. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसमोर संमतीच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हवा. दुर्बल घटकांतील व्यक्तीवर नव्या रासायनिक औषधाची चाचणी असेल तर संमतीच्या प्रक्रियेचे दृक्-श्राव्य चित्रण करावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि इजा किंवा मृत्यू चाचणीशी संबंधित ठरल्यास नुकसानभरपाई मिळते. मान्य उपचार उपलब्ध असतानाही तो न देता निष्क्रिय गोळी दिल्याने झालेली हानीही यात येते. गंभीर प्रतिकूल घटना घडल्यास प्रमुख संशोधकाने २४ तासांच्या आत औषध नियंत्रण यंत्रणेला, प्रायोजकाला आणि नैतिकता समितीला कळवणे बंधनकारक आहे. या समितीत डॉक्टरांबरोबरच कायद्याचे जाणकार आणि सामान्य नागरिकही असतात, आणि तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो.

संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी, घरी न्यावी, ज्यांच्या शब्दावर विश्वास आहे अशा माणसाला वाचायला द्यावी आणि मगच सही करावी. ‘आत्ताच्या आत्ता सही करा’ असे कोणी म्हणत असेल तर सही करू नये.

मध्येच बाहेर पडायचे असेल तर?

कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि नेहमीचा उपचार मिळण्याचा हक्क अबाधित राहतो. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत. केंद्रावर कळवावे, म्हणजे दुसरा उपचार खंड न पडता सुरू करता येतो.

चाचणी खरी आहे हे कसे तपासावे?

भारतातील प्रत्येक चाचणीची, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी, भारतीय चाचणी नोंदणीपटावर म्हणजे सीटीआरआयवर नोंद झालेली असली पाहिजे. हा नोंदणीपट २००७ मध्ये सुरू झाला, २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. डॉक्टरांकडे नोंदणी क्रमांक मागावा. मान्य चाचणीत रुग्णाकडून तपासलेल्या औषधाचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी घेत असेल तर तिथेच शंका घ्यावी.

चाचणी यशस्वी झाल्यावर ते औषध सर्वसामान्य रुग्णाला मिळते का?

आपोआप मिळत नाही, आणि इथेच संशोधनाची खरी कसोटी लागते. चाचणीतील ज्या रुग्णाला औषधाचा लाभ होत असेल आणि दुसरा पर्याय नसेल, त्याला चाचणीनंतरही ते विनामूल्य देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. त्यासाठी नैतिकता समितीची शिफारस आणि रुग्णाची लेखी संमती लागते. बाकीच्या रुग्णांसाठी मात्र मंजुरी, खरेदी आणि किंमत असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. भारतात बेडाक्विलिन २०१६ मध्ये आले ते मोजक्या केंद्रांत आणि फक्त काही शे रुग्णांपुरते. त्या काळात बाहेरगावच्या रुग्णांची जी ओढाताण झाली ती औषध अस्तित्वात नव्हते म्हणून झाली नाही.

जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने या औषधावरील आपल्या पेटंटची मुदत एका दुय्यम अर्जाद्वारे २०२३ च्या पुढे वाढवण्याचा प्रयत्न केला. त्याला आव्हान दिले ते टीबीतून वाचलेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींचीही श्रवणशक्ती टीबीच्या उपचारात गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, जुलैमध्ये मूळ पेटंटची मुदत संपली, आणि भारतीय कंपन्यांना हे औषध जेनेरिक रूपात बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. आज एमडीआर टीबीचे निदान झालेल्या रुग्णाला राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाअंतर्गत हे औषध सरकारी केंद्रातून मोफत मिळते. त्यासाठी जिल्हा क्षयरोग केंद्राशी संपर्क साधावा, आणि उपचार सुरू करण्यापूर्वी आपल्या जंतूंची औषधांना दाद देण्याची तपासणी झाली आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.